पत्रिकेत आईच्या नावाआधी काय लिहू? मदत हवी आहे

भावाचं लग्न आहे, पत्रिकेचं प्रूफ उद्या प्रेसवाल्याला ओके करून द्यायचंय आणि घरात वाद पेटलाय. बाबा नाहीत, निमंत्रक म्हणून आईचंच नाव वर. काका म्हणतात गं. भा. (गंगा भागीरथी) लिहा, तोच मान आहे. मला ते अजिबात पटत नाही, नवरा गेला हे हॉलभर लोकांना कळवायची काय गरज? पुरुषाची बायको गेली तरी तो श्री.च राहतो ना. 2023 मध्ये तेव्हाचे महिला-बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढांनी विधवाऐवजी 'गंगा भागीरथी' सुचवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि आमच्याकडे तेच परत चाललंय.

श्रीमती लिहिलं तरी आपल्याकडे बरेच जण त्याचा तोच अर्थ लावतात. काहीच न लिहावं तर खाली दोन्ही काकू आणि आत्या सगळ्या सौ., मग आईचंच नाव बोडकं दिसतं. सगळ्यांचेच सौ. काढू म्हटलं तर मोठ्या काकू रुसल्या 😅 आई म्हणते काहीही छापा, पण भांडू नका.

तुमच्याकडे कोणी असं छापलंय का? प्लीज पत्रिकेचा फोटो टाका, आणि काकूंना कसं पटवलंत तेही सांगा.