आई म्हणते लव्हबर्ड सोडून दे. काय करू?

लालबागकर:
चाळीतल्या शेजाऱ्यांनी विरारला जागा घेतली आणि जाताना दोन लव्हबर्ड पिंजऱ्यासकट आम्हाला देऊन गेले. एक हिरवा, एक निळा. पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलाय, खायला कांगणी घालतो. आईचा मात्र जीव तुटतो. म्हणते, "पाखरू कोंडायचं पाप नको, गच्चीवर नेऊन सोड." त्यात चार दिवस झाले, निळा अंग फुलवून गप्प बसून असतो. पाऊस उघडला की सोडू का?

परळची मावशी:
अजिबात सोडू नकोस रे. लव्हबर्ड म्हणून विकतात ते बहुतेक बजरीगर असतात. चोचीच्या वर निळी किंवा तपकिरी मऊ पट्टी आहे ना? मग बजीच. मूळचे ऑस्ट्रेलियातले, आणि हे तर पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. माझा पिवळा एकदा खिडकीतून सुटला, समोरच्या वायरीवर जाऊन बसला. मी जिना उतरेपर्यंत कावळ्यांनी त्याला संपवलं होतं. अजून ती वायर बघवत नाही.

आधी निळ्याकडे नीट बघ. झोपताना एक पाय पोटाशी घेत असेल तर बरं. दोन्ही पाय दांडीवर रोवलेले आणि श्वासागणिक शेपटी खालीवर होत असेल तर उद्यावर टाकू नकोस. पाखरू दुखणं लपवतं, आपल्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तुला परळचं बैलघोडा हॉस्पिटल, जनावरांचा दवाखाना, जवळ आहे. आणि पिंजरा स्वयंपाकघरातून आजच हलव. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या वाफेने पाखरं मरतात.

ठाण्याचा पक्षीवेडा:
आईंचं म्हणणं आपल्या कंठवाल्या देशी पोपटाला अगदी लागू आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो पाळताच येत नाही. पण बजीला बाहेर सोडणं म्हणजे मारणंच. त्यापेक्षा खिडक्या लावून, पंखा बंद करून रोज तासभर खोलीत उडू द्या. प्लास्टिकच्या गुळगुळीत दांड्या काढून पेरूच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या लावा, नाहीतर तळव्यांना घट्टे पडून फोड येतात. चोच घासायला आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेस (माकुळाचं पांढरं हाड) अडकवा.

लालबागकर:
मावशी, त्याच दुपारी खोक्याला भोकं पाडून निळ्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलं, दाणे कसे ठेवता? घरी येऊन डबा उघडला तर कुबट वास. हाताला कांगणी दमट, तळाला बुरशी. सगळी फेकली. आता थोडीच आणतो, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवतो.

आज दहावा दिवस. आईने कोथिंबिरीची ओली जुडी पिंजऱ्यात अडकवली, तर निळा खाण्याआधी तिच्यातच अंग घासत लोळला. पिसं भिजून चिकटली, केवढासा दिसायला लागला! आई पंधरा मिनिटं हलली नाही तिथून. रात्री पिंजऱ्यावर स्वतःचं जुनं लुगडं टाकते आता. सोडायचं नाव काढत नाही. विचारतेय, मेथी चालेल का?