कंपाउंडला पक्ष्यांसाठी करवंद लावावं का?

वारजेकरीण: मंडळी, सोसायटीच्या मागे टेकडी आहे, कंपाउंडलगत ४० फुटांची पट्टी मोकळी पडलीये, नुसता मुरूम आणि उन्हाळ्यात पाणी टँकरचं. माळी म्हणतो डुरांटा लावू, पण मला आपल्याकडचंच काहीतरी हवंय ज्यावर पक्षी येतील. करवंद चालेल? नर्सरीवाल्याने जाड पानांचं, लाल फळांचं रोप दाखवलं आणि हेच करवंद म्हणाला, पटलं नाही. कमिटीतले काका काट्यांवरून आत्तापासूनच कुरकुरतायत.

टेकडी_रोज: ताई बिनधास्त लावा! वेताळ टेकडीवर, सिंहगडाच्या वाटेवर दगडात करवंदाच्या जाळ्या उभ्या आहेत, त्यांना कोण टँकर घालतं. तुम्हाला दाखवलेलं बहुतेक नताल प्लम असणार, आफ्रिकेतलं, त्याचं फळ पिकलं तरी लालच राहतं. आपलं काळंभोर होतं. मे महिन्यात मावश्या द्रोणात विकायला बसतात ना, ती करवंदं खा, बिया धुवून लगेच पिशव्यांत पेरा. वाळवून ठेवलं तर बी उगवत नाही. सुरुवातीला वाढ अगदी रडतखडत असते, तेव्हा पुढच्या पावसात जमिनीत लावा आणि पहिला उन्हाळा तेवढा पाणी घाला.

बुलबुलप्रेमी: काकांना सांगा, त्या काट्यांमुळेच बुलबुल आत घरटं करतो, मांजराला शिरता येत नाही. फक्त मुलं खेळतात तिथून जरा आत लावा, दोन रोपांत ३ फूट ठेवा. आणि माळ्याला थंडीत कात्री लावू देऊ नका, फेब्रुवारी-मार्चमधला पांढरा सुवासिक बहर जाईल, मग फळं कुठून येणार. छाटायचंच तर फळं संपल्यावर, तेही हलकंच, चीक हाताला चिकटतो. कधी पानांवर निळ्या डोळ्यांची जाडजूड हिरवी अळी दिसेल, ती कण्हेरीवरच्या पतंगाची, फवारा मारू नका.

जुनी_पेठ: नुसतं करवंद नको हो, फळं महिना-दीड महिनाच, मग पक्षी काय खाणार? अधेमधे कुंती लावा, पावसाळ्यात फुलते, नंतरची लाल फळं बुलबुल फस्त करतात. घाणेरी मात्र आयती उगवली तरी उपटा. तिचीही फळं पक्षी खातात, म्हणून तर टेकड्याभर पसरलीये.

वारजेकरीण: कुंती डोक्यातच नव्हती, थँक्यू! कमिटीला काटेरी कुंपण म्हणजे फुकटची सिक्युरिटी असं सांगून बघते, बजेटचं नाव काढलं की काका गप्प बसतात. वारजे-कोथरूडकडे कोणाकडे कुंतीची रोपं असतील तर मेसेज करा.