मदत हवी आहे: दाताच्या कॅपमुळे धातूची अ‍ॅलर्जी?

आईच्या दाढेवर रूट कॅनालनंतर धातू-सिरॅमिकची कॅप बसवली. तेव्हापासून तिथली हिरडी लाल आहे, गालाच्या आतून कॅप जिथे टेकते तिथेच पांढरट रेघा उमटल्या आहेत आणि तिखट जरा लागलं तरी झोंबतं. खोट्या कानातल्यांनी तिला पूर्वीपासून खाज येते, म्हणून माझा संशय निकेलवर आहे. अशा कॅपच्या आत बऱ्याचदा निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू असतो. नेमका कोणता वापरला, हे दवाखान्यात कुणी धड सांगत नाही. लॅबची चिठ्ठी मागितली आहे.

त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट सुचवली. संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या पाठीवर ४८ तास ठेवायच्या आणि काढल्यावर पुढेही तपासायचं, कारण ही अ‍ॅलर्जी उशिरा उमटते. ज्यांनी केली त्यांनी कृपया सांगा, दातांच्या धातूंचा संच वेगळा मागावा लागतो का? कॅप बदलून झिर्कोनियाची (आत धातू नसलेल्या सिरॅमिकची) बसवल्यावर रेघा पूर्ण गेल्या का, किती काळाने? जुनी कॅप कापताना धातूचा चुरा घशात जाऊ नये म्हणून काय केलं होतं? तिला जेवणच नकोसं झालंय, लवकर कळवाल तर फार मदत होईल.