रानातल्या मांडवात लग्न अन् अवकाळी आलाय, काय करावं?

परभणीकर_दादा:
राम राम मंडळी, बहिणीचं लग्न परवा आहे, घरामागच्या रानात मांडव टाकलाय अन् कालपासून आभाळ भरून आलंय, रात्री वारं सुटलं तर अर्धं कापड फाटलं, चुली भिजल्या, आई सकाळपासून रडायली. यलो अलर्ट आहे, गारा पण म्हणायलेत. मंगल कार्यालय एकही रिकामं नाही. तारीख पुढं ढकलावी का?

लातूरची_ताई:
नका ढकलू भाऊ, लांबचे पाहुणे निघाले असतील. मंदिराच्या सभामंडपासाठी सरपंचाला आजच भेटा, अक्षता तिथं टाका, पंगती थोड्या थोड्या बसवा. अन् आईला आधी जेवू घाला.

जालना_शेती:
गारांचं हलक्यात घेऊ नका. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीनं उभा गहू, हरभरा झोपवला, जनावरं, पाखरं मेली, ते अजून डोळ्यापुढून जात नाही. वर थंड वारं अन् खाली समुद्राकडची ओल एकत्र आली की असं होतंय, बहुतेक दुपारनंतरच. मुहूर्त गोरज असेल तर भटजींना विचारून सकाळचा घ्या. वीज कडाडायली तर मांडवाच्या लोखंडी खांबाजवळ कुणी थांबू नये, वीज पडायचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

परभणीकर_दादा:
सभामंडप मिळाला! भटजी सकाळी 11 ला हो म्हणले. लई आधार झाला तुमचा. आता कापलेली तूर रानात पडलीय, ताडपत्र्या सगळ्या मांडवाला लागल्यात.

जालना_शेती:
मांडव सोडा अन् तुरीवर टाका, आजच.