मदत हवी आहे : औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या चाचणीचा आराखडा तपासताना काय विचारावे?

नमस्कार. मुंबईतील एका एथिक्स कमिटीवर (संशोधनात सहभागी होणाऱ्या रुग्णांचे हित पाहणाऱ्या समितीवर) मी सामान्य सदस्य, म्हणजे वैद्यकीय शिक्षण नसलेला सदस्य आहे. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरील उपचाराच्या एका चाचणीचा (रुग्णांवर उपचार तपासून पाहणाऱ्या संशोधनाचा) आराखडा लवकरच आमच्यापुढे येणार आहे. तो गोपनीय असल्याने त्याविषयी येथे काही लिहिणार नाही. माझे प्रश्न प्रकाशित चाचण्या वाचताना पडलेले आहेत.

'टीबी-प्रॅक्टेकल' या चाचणीमध्ये बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन हा 24 आठवड्यांचा उपचार 89 टक्के रुग्णांत यशस्वी ठरला, तर प्रचलित उपचार 52 टक्क्यांत. मात्र प्रचलित गटातील अपयशात मृत्यू थोडे आणि अर्ध्यावर थांबलेले उपचार बरेच होते. मृत्यू, औषध बंद करावे लागणे आणि रुग्णाचा संपर्क तुटणे हे सारे 'प्रतिकूल' या एकाच रकान्यात जाते. गोवंडी-मानखुर्दकडचा रुग्ण जरा बरे वाटले किंवा काम सुटले की गाव गाठतो, हे येथे काम करणाऱ्यांना नवे नाही. तो बरा झाला असला, तरी चाचणीच्या लेखी प्रतिकूलच. मग गावाजवळच्या सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी करून घेण्याची तरतूद आराखड्यातच असावी, असा आग्रह आम्ही धरू शकतो का? आणि या तीन गोष्टींचे निकाल वेगवेगळे मांडायला सांगणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरेल का?

दुसरा प्रश्न लिनेझोलिडचा. 'निक्स-टीबी' या चाचणीत ते रोज 1200 मिलिग्रॅम दिले गेले आणि 109 पैकी 81 टक्के रुग्णांच्या हातापायांच्या नसांना त्रास झाला; पुढे 'झेनिक्स'मध्ये कमी मात्रा आणि कमी कालावधी तपासला गेला. पायाच्या अंगठ्यावर कंपन-काटा (ट्यूनिंग फोर्क) टेकवून कंपन केव्हा थांबले हे रुग्णाला विचारायचे, एवढी नसांची ही तपासणी साधी आहे. शिलाई मशीनवर पोट असलेल्या कारागिराचा पाय बधिर राहिला, तर टीबी बरा होऊनही रोजी जाते. उपचार संपल्यानंतर ही तपासणी किती महिने चालू ठेवायला सांगावी?

शेवटचे : 2024 मध्ये केंद्र सरकारने 'टीबी-प्रॅक्टेकल'मधला हा चार औषधांचा उपचार राष्ट्रीय कार्यक्रमासाठी मंजूर केला असताना, नव्या चाचणीची तुलना त्याच्याशी न करता जुन्या लांब उपचाराशी केलेली असेल, तर ती कोणत्या कारणाने मान्य करता येते? संख्याशास्त्र जाणणाऱ्या किंवा अशा चाचणीवर काम केलेल्या सदस्यांनी कृपया उत्तर द्यावे.