जुन्या ॲडव्हेंचर गेम्सपैकी अभिजात कोणाला म्हणावे?

नदीकाठ

माझी भाची यंदा नववीत गेली आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे राहायला येणार असून, "मामा, तुझ्या काळातले गेम दाखव," असा निरोप तिने आधीच पाठवला आहे. प्रिन्स ऑफ पर्शिया सगळ्यांच्याच आठवणीत आहे, पण तो बोटांच्या चपळाईचा खेळ झाला. मला तिला ॲडव्हेंचर गेम दाखवायचे आहेत, म्हणजे ज्यांत सावकाश हिंडायचे, दिसेल ती वस्तू पिशवीत टाकायची, माणसांशी बोलायचे आणि डोके खाजवत बसायचे. तिचा उत्साह तीन-चार गेमच्या पलीकडे टिकणार नाही, त्यामुळे निवड नेमकी हवी.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये दर्जा मिळाल्यापासून 'अभिजात' हा शब्द कशालाही चिकटवला जातो, हे मान्य. तरीही मी तो इथे विचारपूर्वक वापरतो आहे. माझी अडचण अशी की गेल्या महिन्यात मी १९९० सालचा किंग्ज क्वेस्ट ५ पुन्हा खेळायला घेतला. त्यात एक मांजर उंदराच्या मागे धावताना काही क्षणच दिसते. तेवढ्या वेळात तिला जुना बूट फेकून मारला नाही, तर पुष्कळ पुढे, खानावळीच्या तळघरात आपल्याला बांधून टाकल्यावर, दोर कुरतडायला तो उंदीर येत नाही आणि खेळ तिथेच संपतो. आपले कुठे चुकले हे गेम सांगत नाही. चित्रे आजही देखणी वाटतात, पण असा गेम मुलीच्या हाती देऊन "हा अभिजात" असे म्हणायला जीभ रेटत नाही. तुमची कसोटी काय आहे आणि तिच्यावर कोणते गेम उतरतात?

पितळी कंदील

चित्रांपासून सुरुवात केलीत, तिथेच माझा मतभेद आहे. या प्रकाराचे मूळ निव्वळ शब्दांत आहे. विल क्राउदर हे अर्पानेटवर (इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कवर) काम केलेले प्रोग्रामर हाडाचे गुहाभटके होते. केंटकीतल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेच्या एका भागाचा नकाशा त्यांनी प्रत्यक्ष फिरून केला होता, आणि घटस्फोटानंतर मुलींना खेळायला काहीतरी हवे म्हणून १९७५-७६ च्या सुमारास पीडीपी-१० या यंत्रावर त्यांनी तीच गुहा फोरट्रान या संगणकाच्या भाषेत उतरवली. पुढे स्टॅनफर्डमधल्या डॉन वूड्स यांना तो प्रोग्राम सापडला. तो वाढवण्याची परवानगी मागायला त्यांनी नेटवर्कवरच्या प्रत्येक संगणकावर 'क्राउदर' या नावाने पत्र पाठवून दिले, आणि त्यांतले एक पोचले. १९७७ मध्ये वूड्स यांनी वाढवलेला तो गेम म्हणजे कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर. या सगळ्या प्रकाराला नाव मिळाले ते त्याच्यावरून.

तो वाचताना आजही जाणवते की लिहिणारा माणूस त्या कपारीतून खरोखर सरपटत गेला आहे. त्याच्या मागोमाग एमआयटीतल्या चौघांनी झॉर्क लिहिला. तो घरगुती संगणकांत मावेना, म्हणून त्याचे तीन भाग करावे लागले आणि पहिला भाग १९८० मध्ये विक्रीला आला. त्यासाठी झॉर्कच्या कर्त्यांच्या इन्फोकॉम कंपनीने 'झी-मशीन' नावाचे एक काल्पनिक यंत्रच रचले: गेम त्या यंत्रासाठी एकदाच लिहायचा आणि प्रत्येक जातीच्या संगणकावर त्या यंत्राची नक्कल तेवढी करायची. म्हणून तेव्हाची गेमची फाइल आज मोबाइलवरही जशीच्या तशी चालते. जो गेम यंत्रे बदलली तरी हलत नाही, तो अभिजात, अशी माझी सोपी कसोटी आहे.

भाचीला झॉर्क द्याच, मात्र शेजारी चौकटींची वही ठेवा. कंदिलाचा उजेड मर्यादित असतो आणि अंधारात 'ग्रू' नावाचा प्राणी माणसाला खाऊन टाकतो. तो कसा दिसतो हे अर्थातच कोणालाही ठाऊक नाही, आणि माझ्या मते या गेमचे सगळ्यांत चांगले चित्र तेच आहे.

अर्धवट नकाशा

पितळी कंदील यांची कसोटी मला टिकाऊपणाची वाटते. दगडी पाटाही टिकतो. नदीकाठ यांचा खरा प्रश्न न्यायाचा आहे, आणि तो याच क्षेत्रातल्या एका माणसाने फार पूर्वी विचारला होता. मॅनिॲक मॅन्शन (१९८७) करणाऱ्या रॉन गिल्बर्ट यांनी १९८९ मध्ये एका लेखात ॲडव्हेंचर गेम्सची खरडपट्टी काढली. काय करू नये हे कळण्यासाठी खेळणाऱ्याला मरावे लागू नये, नकळत तो कायमचा अडकू नये, आणि कुलूप दिसण्याआधीच किल्ली हाती देणारी उलटी कोडी घालू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. लगेच पुढच्या वर्षी त्यांनी टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांच्यासह द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड करून ते सिद्धही केले. त्यात मरता येते, पण त्यासाठी चंग बांधावा लागतो: नायक दहा मिनिटे श्वास रोखू शकतो अशी बढाई मारतो, आणि त्याला त्याहून जास्त वेळ पाण्याखाली ठेवले तर तो खरोखर मरतो.

या गेममधली तलवारबाजी मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळा प्रकार तिच्यात सामावला आहे. इथे तलवार चालवायला चपळ बोटे लागत नाहीत, तोंड चालवावे लागते. एकाने टोमणा मारायचा आणि दुसऱ्याने त्याला चपखल उत्तर द्यायचे; जो निरुत्तर होईल तो मागे सरकतो. सुरुवातीला आपल्याजवळ काहीच नसते. बेटावरच्या वाटांवर भेटणाऱ्या चाच्यांकडून हरत हरत टोमणे आणि उत्तरे गोळा करायची असतात, म्हणजे हरणे हेच इथले शिक्षण आहे. एक जण म्हणतो, "तू गवळ्यासारखा लढतोस!" त्यावर उत्तर, "शोभतेच, कारण तू गाईसारखा लढतोस." अशी पंधरा-सोळा उत्तरे पाठ झाली की आपण बेटावरच्या तलवारीच्या उस्तादिणीकडे जातो, आणि ती आपण कधीच न ऐकलेले टोमणे मारू लागते. क्षणभर वाटते की गेमने फसवले. मग ती म्हणते, तुझ्या अंगातल्या रक्ताची शेवटच्या थेंबापर्यंत धार काढीन, आणि आपल्याला सुचते की गाईचे ते जुनेच उत्तर इथेही बसते. (मराठीत धार गाईचीही आणि तलवारीचीही, हा आपला वरकड लाभ.) पाठांतर संपून समज सुरू होते ती याच जागी. ज्या कोड्याचे उत्तर आपल्या पिशवीत आधीपासून असते आणि तरीही ते सापडल्यावर आपण हुशार झालो असे वाटते, ते कोडे ज्या गेममध्ये आहे त्याला मी अभिजात म्हणेन.

याच मापाने त्याचा दुसरा भाग (१९९१) मी एक पायरी खाली ठेवतो. तिथे पंप उघडण्यासाठी माकडालाच पान्यासारखे वापरावे लागते, कारण त्या जातीच्या पान्याला अमेरिकी इंग्रजीत 'मंकी रेंच' म्हणतात. आपल्याकडे तो नुसता पाना, आणि इंग्लंडातल्या लोकांनाही हा विनोद चटकन कळला नव्हता. उत्तर गेमच्या जगात नसून शब्दकोशात आहे, हीच त्याची खोट आहे.

एक जुनी आठवणही सांगतो. मूळ गेमबरोबर कागदाच्या दोन चकत्यांचे चक्र येत असे. ते फिरवून चाच्याच्या चेहऱ्याचे वरचे आणि खालचे अर्धे भाग जुळवायचे, आणि त्याला फाशी कोणत्या साली झाली ते खिडकीत वाचून संगणकाला सांगायचे. तेव्हाच गेम सुरू होई. आमच्याकडे फ्लॉपी आली ती मित्राच्या मित्राकडून, आणि चक्र आले झेरॉक्स करून, मधोमध टाचणी खुपसलेले. झेरॉक्समध्ये सगळे चाचे सारखेच काळेकुट्ट दिसत, त्यामुळे पहिले कोडे आम्ही गेमच्या बाहेरच सोडवत होतो.

डोंगरवाट

किंग्ज क्वेस्ट काढणाऱ्या सिएरा कंपनीची बाजू कोणी घेत नाही, म्हणून मी घेतो. तिचे संस्थापक रॉबर्टा आणि केन विल्यम्स या दांपत्याने १९८० मध्ये ॲपल २ वर मिस्टरी हाउस केला नसता, तर या प्रकारात चित्र आले असते ते कितीतरी उशिरा. १९८४ च्या पहिल्या किंग्ज क्वेस्टमध्ये राजाचा सरदार झाडाच्या मागून चालत जातो आणि पुढून परत येतो, ही आज क्षुल्लक वाटणारी गोष्ट तेव्हा पडद्यावर डोळे खिळवून ठेवत होती. त्यातले एक कोडे मात्र मीही माफ करत नाही. एका बुटक्याचे नाव ओळखायचे असते. ते ग्रिम बंधूंच्या परीकथेतले, तेही वर्णमाला उलटी लावून लिहायचे. मराठी माध्यमातल्या मुलाला ती परीकथाच ठाऊक नव्हती, मग उलटे काय करणार?

परंतु अडकणे हा दोषच आहे, हे मला पटत नाही. आम्ही शेजारी-शेजारी बसून दर पंधरा मिनिटांनी वेगळ्या नावाने गेम सेव्ह करत होतो आणि कोण कुठे मेला याची वही ठेवत होतो. मरण्याची भीती नसलेल्या जंगलात पाऊल जपून कोण टाकील?

काळी चार

डोंगरवाट, भीती मरणाशिवायही निर्माण होते आणि तिचा पुरावा म्हणजे मिस्ट (१९९३). रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी तो मॅकिंटॉशवर हायपरकार्ड या प्रोग्राममध्ये रचला. सुमारे अडीच हजार स्थिर चित्रे एकामागून एक दिसतात. मरण नाही, पिशवी नाही, बोलायला माणूसही जवळजवळ नाही, तरीही त्या निर्मनुष्य बेटावर मान वळवून मागे पाहावेसे वाटते. सीडी-रॉम घरोघरी पोचायला त्याचा मोठा हातभार लागला, आणि २००२ मध्ये द सिम्सने मागे टाकेपर्यंत पीसीवर सर्वाधिक खपलेला गेम तोच होता.

त्याच्यातल्या रॉकेटमध्ये एक कीबोर्ड आहे. पुस्तकात दाखवलेले पाच सूर त्यावर वाजवून ऐकायचे आणि समोरच्या पाच दांड्या सरकवून नेमके तेच सूर लावायचे. स्वर आणि दांडी यांत अंतर असल्यामुळे एक सूर लावेपर्यंत पहिला कानातून निसटतो. मी तेव्हा दहावीत होतो. शेवटी वडिलांनी भजनाची पेटी बाहेर काढली, संगणकाशेजारी जमिनीवर बसून भाता हलवला आणि प्रत्येक सूर पट्टीवर धरून ठेवला; मी दांडी सरकवत राहिलो. "अजून वर, अजून थोडी, थांब." पाचवा सूर जुळला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ज्यांना सूर ओळखता येत नाही त्यांच्यावर हे कोडे अन्याय करते, हे मात्र मला कबूल केलेच पाहिजे. मग अर्धवट नकाशा यांच्या कसोटीवर मिस्ट नापास होतो की काय? माझ्या यादीतून तो जाणार नाही, एवढे सांगतो.

सुरांचाच विषय निघाला आहे तर लूम (१९९०) विसरू नका. त्यात पिशवीच्या जागी एक काठी आहे आणि चार-चार स्वरांचे मंत्र आहेत. उघडण्याचा मंत्र उलट्या क्रमाने वाजवला की वस्तू बंद होते, आणि हे गेम सांगत नाही, ते आपल्यालाच सुचावे लागते. तो लहान आहे, त्यामुळे मुलीला कंटाळा येणार नाही.

नदीकाठ

सर्वांचे आभार. झॉर्कला मी थोडा घाबरतो, पण वही घेऊन ठेवतो. शनिवारी मंकी आयलंडने सुरुवात करू, मग लूम, आणि पेटी मिळाली तर मिस्ट. किंग्ज क्वेस्ट ५ मी एकटाच पुन्हा खेळणार आहे, बूट हातात धरून.

जुने गेम आजच्या संगणकावर चालत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांसाठी: २००१ पासून विकसित होत असलेला स्कमव्हीएम हा मोफत प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर विनातक्रार चालला. विकत घेण्याआधी हात साफ करायचा असेल, तर बिनीथ अ स्टील स्काय (१९९४) हा गेम त्याच्या कर्त्यांनी २००३ मध्येच अधिकृतपणे फुकट देऊन टाकला आहे. मी काल रात्री तोच उतरवून घेतला आणि पहिल्याच खोलीत अडकलो आहे. कृपया उत्तर सांगू नका.