पऱ्हाटीचं खत लवकर कसं कुजवावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळकडचे, कोरडवाहू कापूस-तूर. यंदा पऱ्हाटी (कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं) जाळायची नाही असं घरात ठरलं. तिचे तुकडे, सोयाबीनचं कुटार आणि शेण असे थर देऊन नाडेप टाकं (हवेसाठी भोकं ठेवून बांधलेलं विटांचं खताचं टाकं) भरलं. कुटार काळं पडून भुसभुशीत झालं, पण पऱ्हाटी तशीच. साल बोटानं सुटते, आतलं लाकूड मात्र पांढरं, कडक, मोडलं की कट्‌कन आवाज येतो.

वाचलं ते असं: लाकडातलं लिग्निन (लाकूड कडक करणारा घटक) मुख्यतः बुरशीच फोडते, आणि जिवाणूंना कर्बाच्या 25-30 भागांमागे 1 भाग नत्र लागतं. पऱ्हाटीत कर्ब फार, नत्र अगदी कमी. म्हणून नत्र कशातून द्यावं, युरिया की शेण-गोमूत्राची स्लरी? खालच्या थराला सडका वास येतो, म्हणजे हवा कमी पडते. टाकं उपसून पुन्हा भरू का? ट्रायकोडर्मा (कुजवायला वापरतात ती बुरशी) कोणी पऱ्हाटीवर वापरलंय का, आणि तुकडे किती बारीक केले होते?

सगळ्यात मोठी काळजी गुलाबी बोंडअळीची. वाळक्या बोंडांत ती दडून राहते. ढीग नीट तापला तर मरते ना? अर्धवट कुजलेलं खत शेतात टाकायला जीव धजत नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.